‘गेट’पाशी अडलेल्या सिस्टरना

पत्र (थोडं कमी करून):

“बाई, मी मूळची मिरजेची. सांगलीत काही वर्षं आयसीयूत नोकरी केली, मग ओईटी (नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा) देऊन इंग्लंडला आले. सध्या लीड्समध्ये वयस्कर पेशंटच्या वॉर्डात आहे. डॉक्टरांचं इंग्रजी मला कळतं, कागदावरचं तर सगळंच कळतं. अडतं ते ‘गेट’पाशी, म्हणजे ‘गेट, गॉट’मधल्या गेटपाशी. पहिल्याच आठवड्यात इन-चार्ज सिस्टरनी विचारलं, ‘हाउ आर यू गेटिंग ऑन?’ मी म्हटलं, ‘बसने येते.’ सगळे हसले, मीही हसले. पण नंतर एक आजोबा म्हणाले, ‘आय काण्ट गेट ऑफ ॲट नाइट.’ मला वाटलं, त्यांना रात्री पलंगावरून उतरता येत नाही. मी युरिन पॉट हाताशी ठेवलं, बेल जवळ दिली. त्यांना झोप येत नव्हती, हे त्यांच्या मुलीकडून कळलं. तेव्हापासून धसका घेतला आहे. डिक्शनरी उघडली तर गेटचे अर्थ संपतच नाहीत. आता कुणी काही बोललं की मी नुसती मान हलवते. पुन्हा विचारलं तर म्हणतील, हिला इंग्रजी येत नाही. गेटचे सगळे अर्थ पाठ करता येतील अशी यादी द्या. आणि एक: न्यू जर्सीची माझी नणंद ‘गॉटन’ म्हणते, ते इथे चालेल का?”

सिस्टर,

यादी देणार नाही. का, ते पुढे सांगते. आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलू, कारण मला काळजी वाटली ती तेवढ्याचीच: ‘मी नुसती मान हलवते.’

गेट न कळणं हा गुन्हा नाही. न कळता मान हलवणं मात्र वॉर्डात धोक्याचं आहे, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आयसीयूत असताना डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितलं तर तुम्ही ‘हो सर’ म्हणून फोन ठेवत नसाल. नाव, डोस, वेळ पुन्हा म्हणून दाखवत असाल. तीच सवय इथे बोलण्याला लावा. आजोबा म्हणाले ‘काण्ट गेट ऑफ’, तर आपल्याला जे वाटलं ते साध्या शब्दांत त्यांच्यासमोर ठेवायचं: ‘यू काण्ट गेट आउट ऑफ बेड?’ ते लगेच म्हणतील, ‘नो लव्ह, स्लीप, आय काण्ट स्लीप.’ (हे ‘लव्ह’ म्हणजे आपलं ‘बाळ’.) संपलं काम. नुसतं ‘पार्डन?’ विचारू नका. पार्डन म्हटलं की माणूस तेच वाक्य तसंच्या तसं, फक्त मोठ्या आवाजात म्हणतो, आणि आपण होतो तिथेच राहतो. चुकीचा का होईना, पण अंदाज बोलून दाखवला की समोरचा तो दुरुस्त करतो. कमी ऐकू येणाऱ्या पेशंटशी बोलताना तिथे जन्मलेल्या नर्साही हेच करतात आणि त्यांना कुणी इंग्रजी येत नाही असं म्हणत नाही.

आता तुमच्या मनातली दुसरी शंका. इतके मार्क पडूनही हे का कळत नाही? कारण हा शब्द कागदावर फारसा नसतोच. बोलण्यातल्या इंग्रजीत जी मोजकी क्रियापदं सतत येतात त्यांत गेटचा नंबर फार वरचा, आणि शास्त्रीय लेखात, अहवालात, डिस्चार्ज समरीत तो औषधालाही सापडत नाही. तिथे रिसीव्ह, बिकम, ऑब्टेन असे इस्त्रीचे कपडे घातलेले शब्द असतात. खुद्द इंग्लंडातल्या शाळांतही निबंधात ‘गॉट’ लिहू नये म्हणून मुलांना टोकणाऱ्या शिक्षकांची परंपरा आहे. ओईटीच्या तोंडी परीक्षेत नर्सचं काम तुम्ही करता, पेशंटचं काम करणारा समोरचा माणूस नीट, स्पष्ट बोलतो; तो काही दात काढून ठेवलेला, तुमच्या लीड्सकडचा, यॉर्कशरचा म्हातारा नसतो. आणि त्याआधी आपली शाळा. ‘गेट, गॉट, गॉट, गेट म्हणजे मिळवणे.’ एक शब्द, एक अर्थ, पुढचा शब्द. तर्खडकरी वळणाच्या त्या शिक्षणाला मी नावं ठेवत नाही, त्याने पिढ्याच्या पिढ्या इंग्रजी वाचू लागल्या. फक्त गेटच्या बाबतीत ते पहिल्याच पायरीवर दगा देतं.

हे असं का होतं ते मराठीतूनच बघू. तुमच्या वॉर्डातली एखादी मैत्रीण उद्या मराठी शिकायला बसली आणि तिने विचारलं, ‘लागणे म्हणजे काय?’ तर काय सांगाल? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दार लागतं. रडायला लागली म्हणजे सुरुवात झाली, जावं लागेल म्हणजे सक्ती आली. तो तुझा कोण लागतो, हे तर नातंच. मिरजेच्या स्टँडवर ‘गाडी लागली’ म्हणजे फलाटावर आली, आणि ‘मला गाडी लागते’ म्हणजे पिशवी हाताशी ठेवा. यातलं काहीही तुम्ही पाठ केलेलं नाही. लागणे हा शब्द एकटा तुमच्या डोक्यात कधी येतच नाही, त्याच्याबरोबर कोण आहे त्यावरून तुम्ही अर्थ लावता. आणि गंमत बघा, त्या आजोबांचं वाक्य मराठीत आणायचं तर ‘रात्री डोळा लागत नाही’ असंच म्हणावं लागेल. त्यांचं गेट आणि आपलं लागणे एकाच जातीचं.

फरक एकच, आणि तुमची अडचण त्यातच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. भूक, ठेच, नोकरी हे आधी कानावर पडतं, मग ‘लागली’ येतं, तोवर आपला निकाल झालेला असतो. इंग्रजीत गेट आधी येऊन जातं आणि निकाल देणारा शब्द मागाहून येतो. तुम्ही गेट ऐकता, तिथेच थबकता, डोक्यात डिक्शनरी चाळू लागता, आणि तेवढ्यात खरा शब्द निघून गेलेला असतो. म्हणून माझा सल्ला एका ओळीचा: गेट ऐकलं की सोडून द्या आणि त्याच्या पुढचा शब्द पकडा. यादी का नको ते यावरून लक्षात आलं असेल. यादी गेटवर बोट ठेवायला शिकवते, आणि तुम्हाला तर तिथून बोट उचलायचं आहे.

पुढे कोणत्या प्रकारचा शब्द आला तर काय, एवढं मात्र सांगते. वॉर्डातलीच उदाहरणं घेते.

गेटच्या पुढे एखादं विशेषण आलं, टायर्ड, कोल्ड, वर्स, बेटर, तर गेट म्हणजे ‘होणे’. सोपं आहे, पण नर्सच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं गेट हेच. भेटायला आलेली मुलगी म्हणाली, ‘मम इज मडल्ड’, तर आईला गोंधळल्यासारखं होतं, कदाचित वर्षानुवर्षं होत असेल. तीच मुलगी म्हणाली, ‘मम इज गेटिंग मडल्ड’, तर ती बदल सांगते आहे: आधी असं नव्हतं, आता होऊ लागलं आहे. तुम्ही रोज भरता त्या न्यूज-टू चार्टमध्ये (पेशंट बिघडतोय का ते गुणांनी दाखवणारा तक्ता, गुण जास्त तितका धोका जास्त) नव्याने आलेल्या गोंधळाला 3 गुण आहेत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 साली चार्ट सुधारला तेव्हा हा मुद्दा मुद्दाम घातला, कारण म्हाताऱ्या माणसात इन्फेक्शनची पहिली खूण कधीकधी ताप नसते, बरळणं असते. म्हणजे मुलीच्या तोंडचं ते ‘गेटिंग’ ऐकू आलं की पुढचा प्रश्न तयार ठेवायचा: ‘सिन्स व्हेन?’ एका शब्दाने एवढं काम होत असेल तर तो शब्द शत्रू नाही.

पुढे जागा किंवा दिशा आली, अप, इन, आउट, टू द टॉयलेट, तर हालचाल. ‘आय काण्ट गेट टू द टॉयलेट’ म्हणजे पोहोचता येत नाही. आणि मध्ये माणूस घातला की ती हालचाल तुम्ही करवायची: ‘गेट हिम अप फॉर हिज डिनर.’ यात आणखी एक खड्डा आहे. यॉर्कशरच्या जुन्या माणसांचं डिनर दुपारी बाराला असतं, संध्याकाळचं जेवण म्हणजे टी. हेही सांगून ठेवते, नाहीतर आजोबा दुपारभर पलंगावरच. डॉक्टर जेव्हा विचारतात, ‘डू यू गेट अप इन द नाइट?’ तेव्हा त्यांना झोपमोडीत रस नसतो, लघवीला किती वेळा उठता एवढंच हवं असतं. तुमचं ‘गेट ऑफ’ याच कुळातलं, फक्त इथे उतरायचं ते जागेपणातून. बसमधून उतरतानाही गेट ऑफ, अंगाला हात लावू नका म्हणून ओरडतानाही गेट ऑफ. म्हणून तिसरा शब्द बघायचा: ‘ॲट नाइट’ असेल तर बस नव्हे.

पुढे वॉश्ड, ड्रेस्ड, चेंज्ड, मूव्ह्ड असं रूप आलं तर थोडं सावध. ‘ही गॉट मूव्ह्ड टू बे फोर’ म्हणजे त्यांना हलवलं, कुणी ते सांगायची गरज नाही. पण ड्युटी बदलताना ‘ही गेट्स हिमसेल्फ वॉश्ड’ आणि ‘वी गेट हिम वॉश्ड’ या दोन वाक्यांत त्या माणसाची सगळी परिस्थिती आहे. पहिल्यात तो आपली आंघोळ आपण करतो, दुसऱ्यात तुम्ही घालता. हॅण्डओव्हरला हे चुकीचं ऐकलंत तर जो माणूस स्वतःचं स्वतः करू शकतो त्याचं तुम्ही करून टाकाल, आणि त्याची ताकद कमी होत जाईल. इथे गेटपेक्षा ‘हिमसेल्फ’कडे कान हवा.

पुढे वस्तू आली तर आणणे किंवा मिळणे, ही तुमच्या शाळेतली ओळख. ‘गेट अस अ ब्रू, लव्ह’ हे ऐकून आजूबाजूला आणखी कोण चहा मागतंय ते शोधू नका. तिकडे ‘अस’ म्हणजे पुष्कळदा ‘मी’ एकटाच, आणि ब्रू म्हणजे चहा. दाराची बेल वाजली, ‘आय विल गेट इट’ म्हणजे मी बघते. पुढे दुखणं आलं तर ते अधूनमधून होणारं: ‘आय गेट डिझी’ म्हणजे मला चक्कर येते, आत्ताच आली असं नाही. आत्ताचं विचारायचं तर ‘आर यू डिझी नाउ?’ असं वेगळं विचारा. पडण्याची भीती असलेल्या पेशंटच्या बाबतीत हा फरक लिहून ठेवण्याजोगा आहे.

‘आयव्ह गॉट’ने तुम्हाला सगळ्यांत जास्त छळलं असेल, कारण ते दिसतं भूतकाळी आणि असतं वर्तमान. ‘आयव्ह गॉट पेन’ म्हणजे दुखलं होतं नव्हे, दुखतं आहे, पेनकिलर आता द्यायची. ‘आयव्ह गॉट अ चेस्ट’ ऐकून दचकू नका. छाती सगळ्यांनाच असते. आजी म्हणताहेत की कफ झाला आहे. आणि त्याच आजींनी संध्याकाळी ‘आय वॉण्ट टू गेट समथिंग ऑफ माय चेस्ट’ म्हटलं तर स्टेथोस्कोप नको, खुर्ची ओढून बसा. मनात साचलेलं काही त्यांना बोलायचं आहे.

‘टू’ आलं की तीन वाटा फुटतात आणि इथे तुमच्यासारख्या हुशार माणसांचाही गोंधळ होतो. ‘आयव्ह गॉट टू गो’ म्हणजे जावंच लागेल. ‘आय गेट टू गो होम टुमॉरो’ म्हणजे उद्या मला घरी जायला मिळणार, यात आनंद आहे, सक्ती नाही. आणि ‘इट्स गेटिंग टू मी’, जिथे टूच्या पुढे माणूसच आला, म्हणजे हे मला आता सोसवेना. तिसरं वाक्य रोज पेशंटशेजारी बसणाऱ्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या तोंडून येतं, फार हळू आवाजात, आणि त्यावर मान हलवून पुढे जाणं बरं दिसत नाही.

उरलं ‘गॉट इट?’, म्हणजे कळलं का. कळलं नसेल तर ‘नॉट क्वाइट’ म्हणा. या दोन शब्दांनी नुसती मान हलवण्यापासून सुटका होते.

आता इन-चार्ज सिस्टरच्या प्रश्नाकडे. ‘गेटिंग ऑन’ हे असं आहे की इथे पुढचा शब्दसुद्धा पुरत नाही, बोलणारा कुणाबद्दल बोलतो ते बघावं लागतं. तुम्हाला विचारलं तर ‘कसं चाललंय, रुळलात का?’ आजीबद्दल म्हटलं, ‘शी इज गेटिंग ऑन’, तर वय झालं. ‘गेटिंग ऑन फॉर नाइन्टी’ म्हणजे नव्वदीला टेकल्या. ‘दे डोण्ट गेट ऑन’ म्हणजे दोघांचं पटत नाही, मग त्यांना शेजारशेजारच्या खाटा देऊ नका. तुम्हाला पुन्हा कुणी ‘हाउ आर यू गेटिंग ऑन?’ विचारलं तर उत्तर आहे, ‘गेटिंग देअर.’ हळूहळू जमतंय. पेशंटही हेच म्हणतात: ‘हाउ आर यू टुडे?’ ‘गेटिंग देअर, लव्ह.’ देअर म्हणजे कुठे, हे विचारायचं नसतं.

एवढं सगळं कागदावर वाचून तुम्ही म्हणाल, बाई, पण मला तर गेट ऐकूच येत नाही. बरोबर आहे, कारण ते तुमच्या ओळखीच्या रूपात येतच नाही. उत्तर इंग्लंडच्या बोलीत गेटनंतर स्वर आला की ट जाऊन र येतो. गेट ऑफचं होतं ‘गेरॉफ’, गेट इनचं ‘गेरिन’, गेट इटचं ‘गेरिट’. गॉट टू बऱ्याच वेळा ‘गॉटा’ किंवा ‘गोरा’ ऐकू येतं आणि तुम्ही रंगाबद्दल बोलताहेत समजता. नाहीतर ट घशातच अडतो आणि नुसता एक झटका कानाला जाणवतो. म्हणून पुढे एक आठवडा अर्थ लावायची घाई करू नका, फक्त हे ‘गेर’ कुठेकुठे येतं ते टिपत जा. कानाला ओळख पटली की निम्मं काम होतं.

उच्चाराचं दुसरं टोक आपल्या बाजूने आहे. आपण हे गेट फाटकाच्या ‘गेट’सारखं लांबवून म्हणतो. इंग्रजी गेट ऱ्हस्व, तुटक. लंडनमध्ये फाटकाच्या गेटचा उच्चार ‘गेइट’कडे झुकतो म्हणून गोंधळ कमी होतो, पण यॉर्कशरची माणसं फाटकाला आपल्यासारखंच लांब ‘गेऽट’ म्हणतात. म्हणजे तुम्ही ‘आय विल गेऽट इट’ म्हटलंत तर त्यांना खरंच फाटक ऐकू येतं. ऱ्हस्व म्हणायची सवय करा.

फाटकावरून आठवलं. तुम्ही लीड्समध्ये आहात तर ब्रिगेट आणि कर्कगेट या रस्त्यांवरून जात असाल, कर्कगेटच्या मोठ्या मंडईत भाजीही घेत असाल. तिथे फाटक शोधू नका. त्या नावांतलं गेट म्हणजे रस्ता, जुन्या नॉर्स भाषेतला ‘गाटा’. ब्रिगेट पुलाचा रस्ता, कर्कगेट चर्चचा. ही नॉर्स बोलणारी माणसं म्हणजे व्हायकिंग. त्यांनी 866 साली यॉर्क घेतलं, ते तुमच्यापासून ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर. लुटायला आलेले पुढे शेती करून तिथेच राहिले, व्हिट्बी, सेल्बी अशी गावांची नावं त्यांचीच. आणि आपल्याला छळणारं हे क्रियापदही त्यांनीच आणलं, नॉर्स ‘गेटा’, हाती लागणे. त्याआधीच्या इंग्रजीत हा धातू एकटा फिरत नव्हता, काहीतरी जोड लावूनच यायचा, जसा विसरण्याच्या ‘फरगेट’मध्ये अजून आहे: हाती आलेलं सुटणं. तर सांगायचं हे, की तुमच्या वॉर्डातल्या आजोबांच्या तोंडी हा शब्द हजार वर्षांहून जास्त काळ आहे. घरातल्या जुन्या भांड्यात सगळंच काही ना काही शिजतं, तसं त्याचं झालं आहे. ऑक्सफर्डहून शिकून आलेल्या लॅटिन शब्दांना नेमून दिलेलं एकेक काम. पडेल ते काम करायचं याने.

आता तुम्ही काय बोलायचं. कळणं आणि वापरणं यांत गल्लत करू नका. सगळी गेटं कळायला हवीत, बोलायला दोनतीन पुरतात. ‘शाल आय गेट यू सम वॉटर?’ हे एक. ‘आर यू गेटिंग एनी पेन?’ हे दुसरं; नुसत्या ‘एनी पेन?’पेक्षा हे पेशंटच्या बोलीच्या जास्त जवळचं आहे. तिसरं ‘लेट्स गेट यू कम्फर्टेबल’. एक पथ्य पाळा: नुसतं ‘गेट अप’ म्हणू नका. आपल्या शाळांनी ‘गेट आउट’ एवढं घोकून घेतलंय की आज्ञार्थी गेट आपल्या तोंडात सहज येतं, पण इंग्रज म्हाताऱ्याला ते हुकमासारखं लागतं. ‘लेट्स गेट यू अप’ म्हणा. त्या एका ‘लेट्स’मुळे तुम्हीही त्याच्याबरोबर उठता.

नोंदी लिहिताना मात्र तुमचं परीक्षेचं इंग्रजीच बरं. आजोबा ‘काण्ट गेट ऑफ’ म्हणाले तर फाइलमध्ये ‘झोप नीट लागत नाही’ या अर्थाचं सरळ वाक्य लिहा, आणि जरूर वाटली तर त्यांचे शब्द अवतरणात. तुमच्यानंतरची नर्स केरळची असेल, फिलिपिन्सची असेल; तिलाही गेटने छळलेलं असणार.

डिक्शनरीऐवजी खिशात एक छोटी वही ठेवा. तीत गेटचा अर्थ लिहू नका, अख्खं वाक्य लिहा, कोण म्हणालं आणि तेव्हा काय चाललं होतं ते लिहा. पेशंटचं नाव अर्थातच नको. विचारायचं असेल तर हेल्थकेअर असिस्टंट मुलींना विचारा. त्या बहुधा तिथल्याच असतात आणि त्यांना व्याकरण शिकवायची हौस नसते, म्हणून त्या बरोबर सांगतात. आणि आजोबांनाच विचारायला काय हरकत आहे? दिवसभर छताकडे बघत पडलेल्या माणसाला ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असं कुणी विचारलं तर त्याचा दिवस चांगला जातो. तुमची मान हलवण्याची सवयही तिथूनच सुटेल.

नणंदेचं ‘गॉटन’. ते चूक नाही आणि नवंही नाही. सतराव्या शतकात इंग्लंडची माणसं ते घेऊन अमेरिकेत गेली. 1611 च्या बायबलात ते आहे. नंतर इंग्लंडने ते बरंचसं टाकलं, अमेरिकेने ठेवलं. शिवाय अमेरिकेत त्याने एक सोय होते: ‘आयव्ह गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘आयव्ह गॉटन अ कार’ म्हणजे नुकतीच घेतली. लीड्समध्ये तुम्ही ‘गॉटन’ म्हटलंत तर सगळ्यांना कळेल, तरुण मुलं म्हणतातही, पण वॉर्डातल्या आज्यांना वाटेल की तुम्ही टीव्हीवर अमेरिकन मालिका बघून शिकलात. तेव्हा कामावर ‘गॉट’. नणंदेला फोनवर दुरुस्त करायला मात्र जाऊ नका. ‘फरगॉटन’ तुम्हीही म्हणताच.